दादामुनी, फक्त कानांसाठी: प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४

ठरलं एकदाचं. मावशीचं सहस्रचंद्रदर्शन २० ऑक्टोबरला, आणि घरात महिनाभर एकच चर्चा की तिला द्यायचं काय, साडी म्हटलं तर म्हणते रंग मला दिसत नाही तुमच्या हौसेला आणा, सोनं नको, परदेशवारी नको. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. दिवसभर रेडिओ आणि मोबाईलवर जुनी गाणी. तर मी तिच्यासाठी अशोककुमारवर, म्हणजे दादामुनींवर, एक ऐकायचा कार्यक्रम करतोय, साधारण ४५ मिनिटं, घरच्या घरी. मैत्रिणी देव आनंदसाठी वेड्या झालेल्या त्या वयात हिला अशोककुमार आवडायचा आणि त्यावरून गिरगावात तिची यथेच्छ टिंगल झालेली आहे (तुझा हिरो की तुझे वडील, वगैरे).

नियम एकच. जे ऐकू येत नाही ते घ्यायचं नाही. सूट, सिगरेट, भुवई वर करणं, सगळं बाद. सिनेमाच्या हिरोवर कार्यक्रम आणि चेहराच नाही, म्हणजे जेवणात मीठ नाही असं बायको म्हणाली. बघू.

१९ जुलै

पहिला मसुदा लिहिला, रेकॉर्ड केला, ऐकला आणि डिलीट केला. जन्म १३ ऑक्टोबर १९११, भागलपूर, आजोळी, खरं नाव कुमुदलाल गांगुली, वडील खंडव्याला वकील, मुलानेही वकील व्हावं ही इच्छा... सहा मिनिटं नुसतं हेच. आकाशवाणीवर निधनाची बातमी देतात तसं वाटत होतं. चाळीस सेकंदात उरकायचं आता.

एक गोष्ट मात्र ठेवणार. हा माणूस मुंबईला हिरो व्हायला आलाच नव्हता. बहिणीचे यजमान शशधर मुखर्जी मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये होते, त्यांच्या ओळखीने हा लॅबोरेटरीत चिकटला. फिल्म धुणं, केमिकलं, अंधारी खोली, यात खूश. आणि त्या काळी आवाज पण फिल्मच्याच कडेला छापलेला असायचा, म्हणजे चित्राबरोबर आवाजही लॅबमध्येच धुतला जायचा. ज्या लॅबमध्ये तो दुसऱ्यांचे आवाज धूत होता तिथेच पुढे त्याचा स्वतःचा आवाज धुवून निघाला, हे वाक्य मला फार आवडलंय, बायकोला नाही. ठेवतोय.

२३ जुलै

नजमुल हसन प्रकरण. हे मावशीला तोंडपाठ असणार पण तरी सांगायचंच, कारण कितीही वेळा ऐकलं तरी मजा येते. १९३६ सालचा 'जीवन नैया', हिरो नजमुल हसन, हिरोईन देविका राणी, म्हणजे स्टुडिओचे मालक हिमांशू राय यांची बायको. हिरो हिरोईनला घेऊन पळाला. मुखर्जींनी मध्यस्थी करून देविका राणीला परत आणलं, हसनची नोकरी गेली, आणि आता हिरो कुठून आणायचा तर रायसाहेबांचं बोट गेलं लॅबमधल्या या पोरावर. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, त्यांना याचा जबडा पसंत नव्हता. यालाही हिरो व्हायचं नव्हतं, घरी कळलं तर काय ही भीती, सिनेमात काम करणं म्हणजे तेव्हा चांगल्या घरातल्या मुलाने करायची गोष्टच नव्हे. पण साहेबांचा हुकूम. कुमुदलालचा अशोककुमार झाला तो असा, दुसऱ्याच्या भानगडीमुळे.

मालकाच्या बायकोबरोबर प्रेमाचे सीन करायचे, तेही पहिला हिरो त्यावरूनच गेलेला असताना! हात थरथरले नसतील तर नवल.

२८ जुलै

'अछूत कन्या' (१९३६) चा आवाज काढला. खरखर इतकी की पावसात पत्र्याखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर काढायचं फिल्टर, लावून लावून साफ केला, अडीच तास गेले, पण आता शब्द नीट कळतात.

आणि आता कान देऊन ऐकल्यावर एक बोलायला हवं. सगळीकडे लिहिलेलं असतं की अशोककुमारने हिंदी सिनेमात सहज अभिनय आणला. आणला, पण १९३६ ला नाही! या सिनेमात तो धडा म्हणून दाखवणाऱ्या मुलासारखा बोलतो. प्रत्येक शब्द वेगळा, मध्ये फट, वाक्याच्या शेवटी आवाज चढतो. प्रताप हा ब्राह्मणाचा मुलगा आणि कस्तुरी ही रेल्वे फाटकवाल्याची, अस्पृश्य समाजातली मुलगी, दोघांच्या बापांची दोस्ती सापाचं विष उतरवण्यावरून झालेली, आणि शेवटी त्याच फाटकाजवळ कस्तुरी गाडीखाली जाते. एवढं सगळं त्या गोष्टीत आहे, पण हिरोचा आवाज मात्र इस्त्री केलेला. डोळ्यांनी बघताना हे जाणवत नाही कारण तो देखणा दिसतो. कानांना कोण फसवणार.

'मैं बन की चिड़िया' पूर्ण ठेवतोय. अशोककुमार आणि देविका राणी दोघं स्वतःच गायलेत. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ ला प्लेबॅक आणला होता पण मालाडला अजून हिरो-हिरोईनलाच गायला लावायचे. चाल सरस्वती देवींची, म्हणजे मूळच्या पारशी खुर्शीद मिनोचर-होमजी. त्यांनी या दोन न-गायकांकडून काम काढून घेतलंय ते असं की चाल इतकी सोपी ठेवायची की चुकायला जागाच नाही. शाळेतल्या गॅदरिंगच्या बाईंना हे बरोबर कळेल.

२ ऑगस्ट

आज सापडलेली गंमत. 'जीवन नैया'त 'कोई हमदम न रहा' दादामुनींनी गायलंय. तेच गाणं किशोरकुमारने १९६१ ला 'झुमरू'त पुन्हा गायलं. दोन्ही एकामागे एक लावली आणि मध्ये काही बोललोच नाही, नुसती दोन सेकंद शांतता. मोठा भाऊ ओल्या फरशीवरून चालल्यासारखा जपून सूर टाकतो आणि धाकटा त्याच फरशीवर अनवाणी बिनधास्त. आणि १९४१ च्या 'झूला'त दादामुनींचं 'एक चतुर नार' आहे! आपण सगळे ते 'पडोसन'चं समजतो, ते मूळ इथलं. धाकट्याने मोठ्याचा ट्रंकेतला माल काढून बाजारात सोन्याच्या भावाने विकला असं मी निवेदनात म्हटलंय.

'दादामुनी' हे मूळ बंगालीत दादामोणी, मोठ्या भावाला लाडाने म्हणतात. घरात भावंडं म्हणायची, मग अख्खी इंडस्ट्री म्हणायला लागली.

१० ऑगस्ट

मोठी चूक. 'किस्मत' (१९४३) मधलं 'धीरे धीरे आ रे बादल' घेऊन मी छान निवेदन लिहिलं की बघा सात वर्षांत यांचा गळा किती तयार झाला. गंमत म्हणून मावशीला फोनवर ते गाणं ऐकवलं (कशासाठी ते सांगितलं नाही) तर ती लगेच, "अरे हा कुठे अशोककुमार? हा अरुणकुमार. त्याचा मावसभाऊ. बोलताना ऐक आणि गाताना ऐक, दोन वेगळी माणसं आहेत." खरंच की. अरुणकुमार मुखर्जी, पुढे १९५३ च्या 'परिणीता'ला संगीत दिलं ते हेच. निवेदन कचऱ्यात.

पण या चुकीमुळे पुन्हा 'किस्मत' नीट ऐकला, या वेळी फक्त संवाद. आणि इथे आहे हो तो सहज अभिनय! पाकीटमार हिरो, तुरुंगातून सुटतो आणि लगेच पुन्हा कामाला लागतो, आणि बोलतो कसा तर शेजारच्या बाकावर बसल्यासारखा. वाक्याचा शेवट गिळतो. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी हूं म्हणतो. त्या आधी हिरो म्हणजे सज्जन, याने चोराला गोड केलं ते या आवाजाच्या जोरावर. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरला तीन वर्षांहून जास्त चालला. मावशी १९४४ च्या फेब्रुवारीत जन्मली तेव्हा तो तिथे चालूच होता, हे तिला ऐकवायचंय.

'दूर हटो ऐ दुनियावालों' ची फक्त पहिली ओळ घेतली. गीतकार प्रदीपजींनी जपान आणि जर्मनीचं नाव घालून इंग्रजांच्या सेन्सॉरला गंडवलं, लोकांना जे कळायचं ते कळलं.

मधल्या सात वर्षांत झालं काय? लीला चिटणीस झाल्या असं माझं मत. १९३९ 'कंगन', १९४० 'बंधन', मग 'झूला', ओळीने तीन सिनेमे आपल्या या बी.ए. झालेल्या मराठी बाईंबरोबर. डोळ्यांनी बोलायचं कसं ते लीलाबाईंकडून शिकलो असं दादामुनी कबूल करायचे म्हणतात. डोळे माझ्या नियमात बसत नाहीत. पण डोळ्यांनी बोलायला शिकलेला माणूस तोंडाने कमी बोलायला लागतो, आणि ते ऐकू येतं.

१८ ऑगस्ट

मालाडला जाऊन आलो. बॉम्बे टॉकीज कंपाउंड म्हटलं की रिक्षावाला बरोबर सोडतो. कल्पना अशी होती की तिथला आजचा आवाज रेकॉर्ड करून कार्यक्रमात मध्ये टाकायचा. तर तिथे छोटे छोटे वर्कशॉपचे गाळे, ग्राइंडर चालू, कुणीतरी पत्रा कापतोय, टेम्पो रिव्हर्स घेतोय त्याची पिपाणी. जुन्या स्टुडिओच्या भिंती उभ्या आहेत थोड्या, त्यांच्यातून झाडं आलीयत. बावीस सेकंद घेतलं. एका माणसाने विचारलं काय काम आहे, म्हटलं मावशीसाठी आवाज घेतोय, त्याने फार विचित्र नजरेने बघितलं.

परतीच्या लोकलमध्ये लिहिलं ते असं. १९३४ ला सुरू झालेला स्टुडिओ, १९४० ला हिमांशू राय गेले, त्या आधीच महायुद्ध लागल्यावर जर्मन मंडळींना इंग्रजांनी नजरकैदेत टाकलेलं. मग भांडणं, दोन गट. 'किस्मत' नंतर शशधर मुखर्जी, दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी, अशोककुमार ही मंडळी बाहेर पडून गोरेगावला फिल्मिस्तान काढून बसली. आणि थोड्या वर्षांनी हा परत मालाडला आला, आता मालकांपैकी एक म्हणून, आणि बरोबर पार्टनर कोण तर सावक वाच्छा. वाच्छा मूळचे इथले साऊंड रेकॉर्डिस्ट! लॅबवाला आणि आवाजवाला मिळून स्टुडिओ चालवतायत. माझ्या कार्यक्रमासाठीच घडल्यासारखं आहे हे.

चालला मात्र नाही. १९५४ चा 'बादबान' आला तो कामगारांना चार पैसे मिळावेत म्हणून, त्यात दादामुनी, देव आनंद, मीनाकुमारी, आपल्या उषा किरण. त्यानंतर शटर खाली.

२४ ऑगस्ट

उर्दू कथाकार मंटो घ्यायचा की नाही यावर दोन दिवस घालवले. घेतला. फाळणीच्या वेळचे दंगे, मंटो तेव्हा बॉम्बे टॉकीजमध्ये, स्टुडिओत मुसलमान लोक भरलेत म्हणून वाच्छा आणि अशोककुमारला धमकीची निनावी पत्रं येतायत. एका रात्री अशोककुमार मंटोला गाडीने सोडायला निघाला आणि गाडी घातली थेट मुसलमान मोहल्ल्यात. समोरून लग्नाची वरात, गाडी अडली, मंटोची बोबडी वळली की आता या हिंदू दोस्ताला काही झालं तर मी तोंड कुठे दाखवू. लोक गाडीजवळ आले, याला ओळखलं, आणि अशोकभाई पुढे रस्ता मिळणार नाही, बाजूच्या गल्लीतून जा, असं प्रेमाने सांगून वाट करून दिली. मंटोनेच लिहून ठेवलंय. तो पुढे पाकिस्तानात गेला, हा इथेच.

हे मी संगीत न लावता नुसतं सांगितलंय. वरातीचा बॅंड टाकून बघितला होता, स्वस्त वाटला, काढला.

१ सप्टेंबर

'महल', १९४९. इथे माझ्या नियमाची खरी परीक्षा झाली, कारण सिनेमाभर याच्या तोंडी एकही गाणं नाही, गाणारा पुरुषाचा आवाजच नाही त्यात, सगळी गाणी बायकांची. हा नुसता फिरतो, ऐकतो, विचारतो कौन है. म्हणजे ऐकणारा हिरो! मावशी आता जे दिवसभर करते तेच तो करतोय. 'आएगा आनेवाला'च्या सुरुवातीला लताबाई लांबून चालत माइककडे आल्या म्हणून आवाज जवळ येत जातो, हेडफोनवर ऐकलं तर अंगावर काटा येतो. रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचं नाव 'कामिनी' छापलेलं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. संगीतकार खेमचंद प्रकाश १९५० ला गेलेच, या गाण्याचं पुढे काय झालं ते त्यांना फार बघायला मिळालं नाही.

इथे गाणं पूर्ण, साडेसहा मिनिटं गेली तर गेली. बाकीचं छाटतो.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. पंधरा दिवस मागच्या मैदानात ढोलपथकाची प्रॅक्टिस चालू आहे, निवेदनाच्या प्रत्येक टेकमध्ये मागे ताशा. कपाटात डोकं घालून रेकॉर्ड करून बघितलं. नाही जमलं. विसर्जन होईपर्यंत फक्त एडिटिंग.

पन्नासचं दशक भराभर. 'समाधी' (१९५०) मधलं 'गोरे गोरे ओ बांके छोरे', चाल आपल्या सी. रामचंद्र अण्णांची, आणि बरोबर नलिनी जयवंत. नलिनीबाई आणि दादामुनी दोघं चेंबूरचेच. 'हावडा ब्रिज', 'चलती का नाम गाडी' दोन्ही १९५८, एकेक मिनिट. 'कानून' (१९६०) मधला एक संवाद, त्या सिनेमात गाणंच नाही.

२२ सप्टेंबर

'बंदिनी' (१९६३). स्टीमरचा भोंगा, सचिनदांचा (एस. डी. बर्मन) आवाज, आणि खोकला. क्षयाने पोखरलेल्या माणसाचा खोकला त्याने जो काढलाय तो ऐकून मी घाबरून आवाज कमी केला, शेजारी येऊन विचारतील म्हणून. नूतन धावत जाते ते दिसत नाही पण भोंग्यावरून कळतं. इथे निवेदन शून्य.

२९ सप्टेंबर

'आशीर्वाद', १९६८. माझ्या मते यांचं सगळ्यात मोठं काम हे, आणि राष्ट्रीय पुरस्कारवाल्यांचंही तेच मत पडलं. 'रेलगाडी' स्वतः म्हटलंय, शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे, संगीत वसंत देसाई. लोक हल्ली याला भारताचं पहिलं रॅप म्हणतात, डोकं फिरतं माझं. अहो, आगगाडीची नक्कल करत पोरांना खेळवणं हे आपल्या प्रत्येक आजोबाला येतं! फरक इतकाच की सत्तावन्नच्या आसपासचा हा आजोबा एवढ्या स्टेशनांची नावं घेत सुटतो आणि दम लागलेला ऐकू येत नाही. मी वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून श्वास कुठे घेतलाय ते शोधलं. गाडीच्या छुकछुकमध्ये लपवलाय.

३२ वर्षांपूर्वी हाच माणूस शब्दांमध्ये फटी सोडत होता. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले, फाटकाजवळचा प्रताप आणि मग रेलगाडी.

६ ऑक्टोबर

'छोटी सी बात' (१९७६) चा खंडाळ्याचा तुकडा घेतला, अमोल पालेकरला प्रेमात जिंकायचं ट्रेनिंग देणारा कर्नल. हसायला काहीतरी हवंच होतं. 'हम लोग' (१९८४) या मालिकेचा शेवट पण घेतला. तेव्हा दूरदर्शनला लाखो पत्रं यायची, आणि भाग संपला की हे येऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरसारखे सल्ला द्यायचे. होमिओपॅथीची औषधं ते खरंच द्यायचे म्हणा लोकांना. लहानपणी आम्हाला हे आजोबा हिरो होते हे खरंच वाटायचं नाही. मावशी चिडायची.

१३ ऑक्टोबर

आज त्यांचा वाढदिवस. याच तारखेला १९८७ ला किशोरकुमार गेला, त्यानंतर दादामुनींनी वाढदिवस साजरा करणं सोडलं. पुढच्या वर्षी फाळके पुरस्कार मिळाला. १० डिसेंबर २००१ ला चेंबूरच्या घरी गेले, नव्वद वर्षांचे होते. हे शेवटी टाकायचं होतं, पण आनंदाच्या दिवशी मरणाने शेवट नको म्हणून काढलं आणि शेवट रेलगाडीवर आणला. एकूण ४७ मिनिटं. झालं.

२० ऑक्टोबर

जेवणं झाल्यावर लावलं. पोरं गडबड करत होती, मावशीने एकदाच "श्शू" केलं. ती हसली तीन ठिकाणी, नजमुल हसनला, गिरगावच्या टिंगलीला, आणि अरुणकुमारवाली माझी चूक मी कबूल केली तिथे. 'महल'ला हात जोडून बसली होती. मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो पूर्ण वेळ.

संपल्यावर म्हणाली छान केलंस रे, पण 'बन की चिड़िया'ला काय केलंस? मी म्हटलं साफ केलं, खरखर काढली. "मग ती कुठे ठेवलीस? आमच्याकडे ग्रामोफोनवर ती आधी यायची आणि मग तो. तिच्यावरून कळायचं की आता गाणार."

२२ ऑक्टोबर

मूळ फाईल परत इम्पोर्ट केली. 'अछूत कन्या', 'जीवन नैया', 'झूला' तिन्ही ठिकाणी नॉइज रिडक्शन काढलं, 'बन की चिड़िया'च्या आधी चार सेकंद नुसती खरखर ठेवली. दुसरी कॉपी शनिवारी तिच्या मोबाईलवर टाकून येणार, बरोबर चार्जर पण न्यायचाय, तिचा सैल झालाय.